फाइल उघडेल का?

एकाने दुसऱ्याला काम पाठवलं की आपल्या धंद्यात पहिला प्रश्न ठरलेला असतो: फाइल उघडली का? मांडणी आवडली का, रंग बरे वाटतात का, हे सगळं नंतर. आधी ती उघडली पाहिजे, आणि उघडल्यावर मजकूर मजकुरासारखा दिसला पाहिजे. चित्रकार, मांडणीकार, ॲनिमेशन करणारे, घरच्या खोलीत ध्वनिमुद्रण करणारे, अशा लोकांनी संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम बदलावी का, आणि बदलायची तर कशी, हा या पुस्तकाचा विषय आहे. या विषयावर इंग्रजीत ढीगभर लिहिलं जातं आणि त्यातलं बरंचसं पंथोपपंथांच्या भांडणासारखं असतं. विंडोजवाले एका बाजूला, मॅकवाले दुसऱ्या, लिनक्सवाले तिसऱ्या. लेखक त्या भांडणात उतरत नाही. तो थेट तुमच्या हार्डडिस्कवर बोट ठेवतो आणि विचारतो, यातलं काय काय दुसऱ्या मशीनवर उघडेल? एवढ्यासाठीच ही प्रस्तावना लिहायला मी चटकन हो म्हटलं.

बदलाचा विचार हौसेने करणारे थोडे. बहुतेकांना कोणीतरी ढकलतं. 14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 ला नेहमीची सुरक्षा अपडेट देणं थांबवलं. विंडोज 11 अधिकृतपणे चालायला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय मशीनमध्ये लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. आपल्याकडच्या छोट्या डीटीपी केंद्रांत रॅम वाढवून, एसएसडी बसवून टुकटुकीत ठेवलेली जी मशीनं आहेत, त्यांतली पुष्कळशी या अटीत बसत नाहीत. (ती तारीख नेमकी दिवाळीच्या तोंडावर आली. लक्ष्मीपूजन होतं 21 तारखेला. त्या आठवड्यात मराठी मांडणीकाराला पडद्यावरचा इशारा वाचायलाही फुरसत नसते, मग त्यावर काही करणं दूरच.) त्याआधीचा धक्का भाड्याचा होता. 2013 मध्ये अडोबीने जाहीर केलं की फोटोशॉप, इनडिझाइन वगैरेंच्या पुढच्या आवृत्त्या फक्त वर्गणी भरून मिळतील. 2012 चा सीएस6 हा एकदा पैसे मोजून कायमचा घेता येणारा शेवटचा संच. मॅकवालेही यातून सुटलेले नाहीत. 2019 च्या कॅटालिनाने 32-बिटचे जुने प्रोग्रॅम चालवणं बंद केलं आणि 2020 च्या अखेरीस ॲपलने इंटेलची साथ सोडून स्वतःच्या चिपवर मुक्काम हलवला. ज्यांनी काहीच बदलायचं नाही असं ठरवलं होतं, त्यांचीही सिस्टिम बदललीच.

ढकलले गेल्यावर लिनक्सचं नाव निघतं, आणि लगेच कोणीतरी म्हणतं की ते सर्व्हरवाल्यांचं, तिथे कलेचं काम होत नाही. या समजुतीला इतिहासाचा आधार नाही. 1997 च्या ‘टायटॅनिक’साठी डिजिटल डोमेन या स्टुडिओने पाण्याची, जहाजाची दृश्यं रेंडर करायला अल्फा प्रोसेसरची जी मशीनं ओळीने लावली होती, त्यांतली बरीचशी लिनक्सवर चालत होती. हॉलिवूडमध्ये त्या काळी सिलिकॉन ग्राफिक्सची महागडी मशीनं आणि त्यांच्यावरची आयरिक्स ही युनिक्सच्या कुळातली सिस्टिम यांचं राज्य होतं. साधा पीसी झपाट्याने वेगवान होत गेला तशी ती मशीनं परवडेनाशी झाली, आणि 2000 च्या आसपास मोठे स्टुडिओ लिनक्सकडे वळले. त्यामागे मुक्त सॉफ्टवेअरचं प्रेम फारसं नव्हतं. आयरिक्ससाठी वर्षानुवर्षं घरच्या घरी लिहून ठेवलेली साधनं लिनक्सवर कमी कष्टात नेता येत होती. विंडोजवर न्यायची तर बरंच पुन्हा लिहावं लागलं असतं. म्हणजे त्यांनीही आपलाच प्रश्न विचारला होता. आज माया, हुडिनी, न्यूक हे चित्रपटांच्या दृश्यपरिणामांचे मुख्य प्रोग्रॅम लिनक्सवर चालतात. ऑस्कर देणाऱ्या अकादमीने लिनक्स फाउंडेशनबरोबर 2018 मध्ये अकादमी सॉफ्टवेअर फाउंडेशन काढलं, तेही या कामाची मुक्त साधनं सांभाळण्यासाठी. मुंबई-पुण्यातल्या व्हीएफएक्स स्टुडिओंत कितीतरी मराठी मुलं-मुली दिवसभर लिनक्सवर काम करतात आणि घरच्या लॅपटॉपवर मात्र विंडोजच ठेवतात.

ते घरी विंडोज का ठेवतात, हे मात्र समजून घ्यायला हवं. स्टुडिओत सिस्टिम सांभाळणारे अभियंते असतात. फॉन्ट दिसेना, टॅब्लेटचा दाब कळेना, तर कोणीतरी धावत येतं. बुधवार पेठेतल्या पोटमाळ्यावर एकटीने पुस्तकाची मांडणी करणाऱ्या बाईकडे कोण धावत येणार? म्हणून स्टुडिओंची उदाहरणं ऐकायला छान असली तरी त्यांच्या भरवशावर उडी घेऊ नये. पुस्तकातलं हॉलिवूडचं प्रकरण मी लेखकाला आखडायला सांगितलं होतं, त्यामागे हेच होतं. त्याने थोडंसं आखडलं.

मराठीत छापील काम करणाऱ्याच्या पायातली बेडी फॉन्टची आहे, आणि इथे थोडं थांबायला हवं, कारण इंग्रजी मार्गदर्शकांत याबद्दल अवाक्षरही नसतं. नव्वदच्या दशकात पेजमेकर आणि कोरलड्रॉ यांना देवनागरी कळत नव्हती. त्यांना कळत होती ती रोमन अक्षरांची छोटी यादी. एका फॉन्टात जेमतेम अडीचशे जागा. पुण्यात सी-डॅकने आणि काही खासगी कंपन्यांनी त्या जागांत देवनागरीचे तुकडे बसवले: अर्धा क, काना, वेलांट्या, रफार, जोडाक्षरं. प्रोग्रॅमला वाटे इंग्रजी टाइप होतंय, पडद्यावर आणि कागदावर उमटे मराठी. युक्ती म्हणून ती फार हुशारीची होती. तिच्याशिवाय मराठी डीटीपी उभंच राहिलं नसतं. पण प्रत्येक कंपनीने तुकडे आपापल्या सोयीच्या जागी बसवले, आणि फाइलमध्ये अक्षर साठवलं जात नव्हतं, साठवला जात होता त्या जागेचा क्रमांक. फॉन्ट काढून घेतला की ज्ञानेश्वरीची ओवी असो की सहकारी बँकेचा अहवाल, समोर येतो तो रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा. त्यातून अनेक संच डोंगल, म्हणजे परवान्याची किल्ली, मशीनला लावल्याशिवाय चालत नसत. ते डोंगल आधी प्रिंटरच्या पोर्टात लागायचं, नंतर यूएसबीत. ज्या मशीनला आता ते पोर्टच नाही, तिथे संच नाही.

म्हणजे आपल्याकडे पाव शतकाचं लेखन अशा कुलपांत पडून आहे. प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरी 1991 च्या पहिल्या आवृत्तीपासून होती, तरी छपाईच्या धंद्यात तिला शिरायला फार वेळ लागला, कारण पेजमेकरला युनिकोड समजत नव्हता आणि पेजमेकर सोडायला कोणी राजी नव्हतं. अडोबीने 2004 मध्ये त्याचा विकास थांबवला तरी आपण तो चालवतच राहिलो. आता गंमत बघा: पेजमेकरच्या जुन्या फाइली इनडिझाइनमध्ये उघडायची सोय सीएस6 पर्यंतच होती, नंतरच्या आवृत्त्यांनी ती काढून टाकली. त्याच फाइली लिब्रेऑफिस आणि स्क्रायबस हे मुक्त प्रोग्रॅम बऱ्यापैकी उघडतात. वारसाने दार लावून घेतलं आणि शेजाऱ्याने उघडलं. मात्र उघडतो तो तोच चिवडा. त्याचं मराठी करायला कन्व्हर्टर लागतो.

कन्व्हर्टर चालवला म्हणजे काम झालं, असं समजणाऱ्यांनी या पुस्तकातलं चौथं प्रकरण दोनदा वाचावं. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होई. युनिकोडमध्ये ती व्यंजनाच्या नंतर साठवावी लागते. रफार जुन्या पद्धतीत अक्षर झाल्यावर वर ठेवला जाई. युनिकोडमध्ये तो र् म्हणून आधी यावा लागतो. कन्व्हर्टरने ही अदलाबदल नीट केली नाही तर ‘स्थिती’ आणि ‘कार्य’ हे साधे शब्दसुद्धा मोडतात. दर्या आणि दऱ्या यांतला फरक कित्येक कन्व्हर्टर राखतच नाहीत. राखला तरी ऱ्य दोन वेगवेगळ्या पद्धतींनी साठवता येतो, एकदा ऱ या स्वतंत्र वर्णापासून आणि एकदा र् नंतर न दिसणारं जोडचिन्ह घालून. दिसायला दोन्ही सारखे, पण पुस्तकात ‘सुऱ्या’ शोधायला गेलात तर संगणक त्यातले निम्मेच दाखवतो. ॲ ची हीच रड. त्याला स्वतंत्र जागा 2008 मध्ये, युनिकोडच्या 5.1 आवृत्तीत मिळाली. तोवर लोक अ वर चंद्र ठेवून भागवत होते. जुन्या आणि नव्या फाइली एकत्र केल्या की ‘ॲटम’ हा एकच शब्द सूचीत दोन ठिकाणी लागतो.

लेखकाचा सगळ्यात उपयोगी सल्ला याच ठिकाणी आहे आणि मला तो शंभर टक्के पटतो: मजकूर युनिकोडमध्ये आणणं हे सिस्टिम बदलण्याच्या आधीचं काम आहे, आणि ते जुन्या मशीनवरच करायचं, जिथे मूळ फॉन्ट अजून जिवंत आहे आणि डोंगल अजून चालतंय. डावीकडे जुनं पान, उजवीकडे नवं, असं ताडून बघता येतं तोवरच. मशीन भंगारात गेल्यावर चूक सापडायला मूळच उरत नाही.

युनिकोडात आल्यावरही एक पेच राहतो. राज्य शासनाने 2009 मध्ये मराठीची वर्णमाला आणि अक्षरांची वळणं प्रमाणित केली. ल आणि श यांची मराठी वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत हे शाळेत गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. चांगल्या फॉन्टांत दोन्ही वळणं असतात. कोणतं दाखवायचं, हे प्रोग्रॅमला मजकुराची भाषा सांगितल्यावर ठरतं. परिच्छेदाची भाषा हिंदी किंवा इंग्रजी राहिली तर वळण चुकतं, आणि मुद्रितशोधक फॉन्टला दोष देत बसतो. विंडोजसोबत येणारे फॉन्ट, र. कृ. जोशींनी घडवलेला मंगल धरून, लिनक्सवर सोबत येत नाहीत. ते गृहीत धरून केलेली मांडणी तिथे ओळ न ओळ सरकते. सुदैवाने मुक्त परवान्याचे चांगले देवनागरी फॉन्ट आता आहेत. मुंबईच्या एक टाइपचा मुक्त आहे, बलू आहे. टायरो देवनागरी मराठी तर नावातच भाषा घेऊन आलेला आहे. सिस्टिम बदलायच्या आधी निदान वर्षभर नवी कामं अशाच फॉन्टांत करत राहावं, असं माझं मत आहे. लेखक सहा महिने म्हणतो. तो माझ्यापेक्षा तरुण आहे.

आता थोडी दूरची गोष्ट, कारण ती कळल्याशिवाय आजची सोय कुठून आली ते कळत नाही. स्क्रायबस हा पुस्तकं-मासिकं मांडायचा मुक्त प्रोग्रॅम कित्येक वर्षं भारतीय भाषांच्या कामाचा नव्हता. त्यात देवनागरीची जोडाक्षरं जुळत नसत, वेलांटी भलतीकडे पडे. अरबीचंही तेच होतं. तिथे अक्षरं एकमेकांना जोडावी लागतात आणि ओळ उजवीकडून धावते. ओमानमध्ये मुक्त सॉफ्टवेअरसाठी काम करणाऱ्या मंडळींनी अरबीसाठी हा प्रश्न हातात घेतला आणि स्क्रायबसमध्ये हार्फबझ हे अक्षरजुळणीचं इंजिन बसवलं. हार्फबझ मोझिलाच्या फायरफॉक्समध्ये आहे, अँड्रॉइडच्या फोनमध्ये आहे, लिब्रेऑफिसमध्ये आहे. ते एकदा आत आलं की अरबीबरोबर देवनागरी, मल्याळम, बंगाली सगळ्याच लिप्या सुधारल्या. 2024 च्या पहिल्या दिवशी आलेल्या स्क्रायबस 1.6 या स्थिर आवृत्तीत हे सगळं आहे.

त्याआधीच, 1.5 च्या प्रायोगिक आवृत्तीवर, केरळमधल्या ‘जनयुगम’ या दैनिकाने उडी घेतली. 2019 मध्ये या मल्याळम वर्तमानपत्राने पेजमेकर आणि जुने आस्की फॉन्ट (आपल्याकडच्यासारखेच रोमनच्या जागा वापरणारे) सोडून स्क्रायबस, गिंप, इंकस्केप, क्रिटा या मुक्त प्रोग्रॅमांवर रोजचा अंक काढायला सुरुवात केली, आणि कुबुंटूवर आधारलेली स्वतःच्या नावाची लिनक्सची आवृत्तीच तयार करून घेतली. युनिकोडचे नवे मल्याळम फॉन्ट रचना इन्स्टिट्यूट ऑफ टायपोग्राफीने दिले. दैनिकाला उद्याचा अंक चुकवता येत नाही. मासिकाला एखादा आठवडा पुढे ढकलता येतो, पुस्तकाला तर काही वर्षंसुद्धा (मराठी प्रकाशकांना हे सांगायला नको). म्हणून मला ही घटना कोणत्याही हॉलिवूडपटापेक्षा मोठी वाटते. अर्थात केरळात जमीन आधीच नांगरलेली होती. तिथल्या सरकारी शाळांत मुलं बऱ्याच वर्षांपासून लिनक्सवरच संगणक शिकतात; फॉन्ट आणि अक्षरजुळणीवर काम करणारे कार्यकर्ते दोन दशकं खपत होते. त्यांच्यातल्याच संतोष तोट्टिंगल यांनी ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडावा याचे नियम कितीतरी भारतीय भाषांसाठी लिहिले, त्यात मराठीही आहे. आपल्या भाषेचा शब्द तोडायचे नियम मल्याळी माणसाने लिहून दिले, याची नोंद मराठी मुद्रणाच्या इतिहासात कोणी घेतल्याचं माझ्या वाचनात नाही. आपली बाजू अगदीच रिकामी आहे असंही नाही: लिनक्सवर पिढीभर देवनागरी दाखवणारे लोहित फॉन्ट रेड हॅटच्या पुण्यातल्या कचेरीत सांभाळले गेले. पण महाराष्ट्रातल्या एकाही मोठ्या वृत्तपत्राने ‘जनयुगम’सारखा निर्णय घेतल्याचं मी ऐकलेलं नाही.

एकट्याने काम करणाऱ्याला मात्र अशी सगळी उडी एकदम घेण्याची गरज नाही, आणि पुस्तकाची मुख्य वाट हीच आहे: आधी प्रोग्रॅम बदला, सिस्टिम नंतर. क्रिटा, इंकस्केप, गिंप, स्क्रायबस, ब्लेंडर हे सगळे विंडोजवरही चालतात. जुन्याच मशीनवर, जुन्याच खुर्चीत बसून ते अंगवळणी पाडून घ्यावेत. ज्या दिवशी आठवडाभरात फोटोशॉप एकदाही उघडलं नाही असं लक्षात येईल, त्या दिवशी सिस्टिम बदलणं ही एका दुपारची गोष्ट राहते. ब्लेंडरचं उदाहरण या बाबतीत बोलकं आहे. ते बनवणारी डच कंपनी 2002 मध्ये बुडाली. टोन रोसेंडाल यांनी लोकांकडून एक लाख युरो जमवून त्याचा सोर्सकोड सोडवून घेतला. गिंट्स झिल्बालोडिस या लॅटव्हियाच्या दिग्दर्शकाने ‘फ्लो’ हा मांजराचा सिनेमा त्यावर केला आणि 2025 मध्ये त्याला ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं. तीच ब्लेंडरची फाइल विंडोजवर, मॅकवर आणि लिनक्सवर एकसारखी उघडते. फ्रेंच चित्रकार डेव्हिड रेव्हॉय 2014 पासून ‘पेपर अँड कॅरट’ ही चित्रकथा क्रिटामध्ये, लिनक्सवर काढत आला आहे आणि थर थर राखलेल्या मूळ फाइलीही लोकांना देतो. त्या उतरवून बघाव्यात. पुस्तकं वाचून जे कळत नाही ते दुसऱ्याच्या थरांत शिरल्यावर कळतं.

जे नीट होत नाही तेही सांगायला हवं, आणि छपाईवाल्यासाठी त्यात पहिला रंग. गिंपची 3.0 आवृत्ती मार्च 2025 मध्ये आली, बहुप्रतीक्षित म्हणावी अशी, तरी तिचं आतलं काम पडद्याच्या आरजीबी रंगांतच चालतं. सीएमवायके निर्यातीच्या वेळी. इंकस्केपचंही मूळ पडद्याच्या रंगांत आहे. पुस्तकाच्या आतल्या मजकुरात हे नडतं. आरजीबीतला काळा सीएमवायकेत नेला की तो चार शाईंत फुटतो, आणि छपाईत रजिस्ट्रेशन केसभर हललं की दहा पॉइंटच्या देवनागरीच्या शिरोरेषेला जांभळी-हिरवी सावली पडते. म्हणून मजकूर फक्त काळ्या शाईत राहील याची सोय मांडणीच्या प्रोग्रॅममध्ये करावी लागते. स्क्रायबस ते करतो. त्याचे सीएमवायके रंग, स्पॉट रंग आणि पीडीएफ-एक्स हे सगळं विश्वासाचं आहे, आणि छपाईला जाण्याआधी फाइल तपासून चुका दाखवायची त्याची सवय तर मी कोणत्याही महागड्या प्रोग्रॅममध्ये इतकी कडक पाहिलेली नाही. क्रिटातही सीएमवायकेत चित्र रंगवता येतं. चित्र क्रिटात, रेषाकाम इंकस्केपमध्ये आणि छपाईची शेवटची फाइल नेहमी स्क्रायबसमधून, एवढी शिस्त पाळली तर छपाईच्या प्लेट काढणाऱ्या सीटीपीवाल्याचा फोन येत नाही.

दुसरी अडचण छापखान्यातल्या माणसांची. पत्रिका, फ्लेक्स, पावतीपुस्तकं हा सगळा मुलूख कोरलचा आहे. “ओपन फाइल पाठवा, कर्व्ह करून पाठवा” या वाक्यावर तिथला व्यवहार चालतो. कोरलने 1999 मध्ये स्वतःची लिनक्स सिस्टिम काढली होती आणि 2000 मध्ये कोरलड्रॉ 9 लिनक्ससाठी विकायलाही ठेवला होता; ते दोन्ही टिकले असते तर आपल्या गल्लीबोळांतली छपाई आज वेगळी दिसली असती. टिकले नाहीत. सीडीआर फाइल इंकस्केपमध्ये उघडते, पण जशीच्या तशी उघडेलच असं नाही, आणि उलट दिशेने सीडीआर बनवून देता येत नाही. ज्याचं पोट फ्लेक्सवर आहे त्याने लिनक्सवर जाऊ नये. लेखकाने हे इतक्या स्पष्टपणे लिहिलेलं नाही, मी लिहिते. पुस्तकांची, मासिकांची कामं करणाऱ्याने मात्र छापखान्याला पीडीएफची सवय लावावी. दोन-तीन कामं कटकट होते, मग तेच पीडीएफ मागतात, कारण फॉन्ट हरवल्याचा दोष त्यांच्यावर येत नाही.

ध्वनी आणि व्हिडिओ यांच्याबद्दल मला अधिकाराने बोलता येणार नाही, म्हणून थोडक्यात. पाइपवायर ही ध्वनिव्यवस्था आल्यापासून लिनक्सवर ध्वनीची जोडणी पूर्वीइतकी किचकट राहिलेली नाही. आर्डर आणि रीपर हे ध्वनिमुद्रणाचे दोन्ही प्रोग्रॅम तिथे चालतात. पण आयलॉकच्या कुलपातले प्लगइन चालत नाहीत, आणि ज्यांची सगळी गुंतवणूक त्यांत आहे त्यांनी हिशेब करूनच पाऊल टाकावं. डाव्हिंची रिझॉल्व्ह लिनक्सवर आहे, पण त्याच्या मोफत आवृत्तीत फोनने काढलेला एच.264 व्हिडिओ सरळ उघडत नाही, आधी रूपांतर करावं लागतं. लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्यांना हे एवढं एक वाक्य पुरे.

उरतात हात. सिस्टिम बदलताना डोक्यापेक्षा बोटांना जास्त त्रास होतो, आणि मराठी टाइप करणाऱ्या बोटांच्या बाबतीत या पुस्तकाने एक आनंदाची गोष्ट नीट समजावून सांगितली आहे. ज्यांनी इनस्क्रिप्ट शिकून घेतलं, त्यांचं काहीच बिघडत नाही. डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजनं ही त्याची रचना विंडोजवर, मॅकवर, लिनक्सवर आणि फोनवरही जवळपास तीच आहे. टंकलेखनाच्या परीक्षा देऊन टाइपरायटरच्या मांडणीवर वेग कमावलेल्यांचे मात्र हाल होतात, कारण ती मांडणी त्या त्या फॉन्ट-संचाबरोबर येत असे आणि संचाबरोबरच जाते. ज्यांना रोमनमधून मराठी लिहायची सवय आहे त्यांना लिनक्सवर गमभन ही ओळखीची पद्धतसुद्धा सापडेल. चाळिशी ओलांडलेल्या, मिनिटाला भराभर पान भरणाऱ्या ऑपरेटरला इनस्क्रिप्ट शिका म्हणणं क्रूर आहे, हे मला कळतं. तरी सांगते. पहिला महिना चिडचिडीचा असतो, त्यानंतर कोणत्याही मशीनवर बसता येतं.

एका बाबतीत लेखकाचं आणि माझं जमलेलं नाही, आणि ते त्याच्या संमतीनेच इथे नोंदवते. तो म्हणतो, एकाच डिस्कवर दोन्ही सिस्टिम ठेवा, मशीन सुरू करताना हवी ती निवडा. माझा अनुभव असा की दोन दारं असली की माणूस सवयीच्या दारानेच आत जातो. शिवाय विंडोजच्या एखाद्या मोठ्या अपडेटनंतर दुसरं दार सापडेनासं झालं तर एकट्या माणसाची सकाळ जाते. त्यापेक्षा जुनं मशीन विकू नका. त्यावर विंडोज, पेजमेकर, फॉन्ट आणि डोंगल जसंच्या तसं राहू द्या, त्याचं इंटरनेट काढून टाका, आणि जुन्या फाइली उघडायचं तेवढं काम त्याला द्या. नवी सिस्टिम दुसऱ्या मशीनवर, सेकंडहँड घेतलं तरी चालेल, आणि तिथे पहिलं काम गिऱ्हाइकाचं नको. जुनं, छापून झालेलं एखादं पुस्तक घ्या, ते तिथे पुन्हा मांडा, पीडीएफ काढा आणि छापील प्रतीशेजारी ठेवून पान पान बघा. या पुस्तकाच्या सातव्या प्रकरणात त्याची सगळी पद्धत दिली आहे. तेवढ्या पानांपुरता माझा लेखकाशी वाद नाही.